वकीलकाकूंना विचारा : डबा घेऊन आलेली आई

प्रश्न : वकीलकाकू, सप्रेम नमस्कार. दिवाळीला माझी भाची टोरांटोहून आली होती. ती तिथे समाजशास्त्र शिकते. भाऊबीजेच्या जेवणात टीव्हीवर बापाने मुलीला मारल्याची बातमी लागली. आमचे हे म्हणाले, "असलं त्यांच्यातच चालतं. आणि तिकडच्या फेमिनिस्ट बायका यावर मूग गिळून बसतात." झालं! भाची म्हणाली, "ऑनर किलिंग हा शब्दच गोऱ्यांनी मुसलमानांना बदनाम करायला काढलाय काका, सरळ घरगुती हिंसाचार म्हणा," आणि ताटावरून उठली. बासुंदी तशीच राहिली. मला दोघांचंही थोडं थोडं पटलं, म्हणून मी गप्प बसले. तिकडच्या बायका खरंच गप्प बसल्या का? आणि शरियतमध्ये मुलीला मारायची मुभा आहे का?
— एक मावशी, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : बासुंदी राहिली याचं मला खरंच वाईट वाटलं. भांडण जेवणानंतर करावं, चाळीस वर्षांच्या वकिलीतला हा सल्ला मी फी न घेता देते.

शरियतचं आधी सांगते. मुभा नाही. व्यभिचार शाबित करायला चार प्रत्यक्ष साक्षीदार लागतात, आणि शिक्षा द्यायची ती काझीने. बापाने, भावाने नव्हे. संशयावरून मुलीचा गळा दाबणारा त्या शास्त्रातही खुनीच. पण एवढ्यावर यजमानांना हरवायला जाऊ नका, गोम पुढेच आहे. त्या कायद्यात खून हा बराचसा मारणारा आणि मेलेल्याचे वारस यांच्यातला मामला मानतात. वारसांनी जिवाला जीव मागावा, नाहीतर पैसे घ्यावेत, नाहीतर माफ करावं. परक्याने मारलं असेल तर यात दयेला जागा आहे. पण घरातच खून झाला तर? मारणारा भाऊ आणि वारस आईबाप. घरचाच खून, घरचीच माफी, फाईल बंद. पाकिस्तानात १९९० मध्ये वटहुकमाने हा किसास आणि दियतचा कायदा आला, आणि पुढे कित्येक वर्षं मुलींचे खटले याच दारातून सुटत राहिले. जुलै २०१६ मध्ये सोशल मीडियावर गाजलेल्या कंदील बलोचला भावाने मारलं, त्यावर जगभर गिल्ला झाला, तेव्हा त्या वर्षीच्या ऑक्टोबरात तिथल्या संसदेने दुरुस्ती केली : घरच्यांनी माफ केलं तरी जन्मठेप. कंदीलचा भाऊ मात्र २०२२ मध्ये हायकोर्टातून सुटला. आईने त्याला माफ केलं होतं.

आता भाचीच्या बाजूचं. "बायको नको त्या अवस्थेत सापडली आणि नवऱ्याने मारलं, तर त्याला सवलत" हे कलम कुणाचं? नेपोलियनच्या फ्रान्सचं, १८१० च्या दंडसंहितेतलं. तिथे ते १९७५ पर्यंत होतं. जॉर्डनच्या ज्या कलमावर जगाने टीका केली, त्याचं मूळ पॅरिसमध्ये सापडतं. इटलीत तर अब्रूसाठी केलेल्या खुनाला कमी शिक्षा देणारं कलम १९८१ मध्ये निघालं. तेव्हा मी वकिली करत होते, म्हणजे फार जुनी गोष्ट नव्हे. आणि आपल्या दंडसंहितेतला "गंभीर आणि एकाएकी प्रक्षोभ" हा बचाव साहेबाने दिला. १९५९ मध्ये नानावटी खटला चालला तेव्हा मुंबईच्या ज्यूरीने बायकोच्या प्रियकराला गोळी घालणाऱ्या त्या देखण्या नौदल अधिकाऱ्याला निर्दोष ठरवलं आणि कोर्टाबाहेर लोकांनी त्याचा जयजयकार केला. पुढे हायकोर्टाने जन्मठेप दिली, तरी लोकांच्या मनात हिरो तोच राहिला. माझ्या आत्याने त्याचा फोटो वर्तमानपत्रातून कापून ठेवला होता. आत्या सोवळ्यातली, पूजा केल्याशिवाय पाणी न पिणारी.

तिकडच्या बायका गप्प बसल्या का? सरसकट नाही. १९७९ च्या ८ मार्चला तेहरानमध्ये हजारो बायका सक्तीच्या हिजाबविरुद्ध रस्त्यावर उतरल्या, तेव्हा अमेरिकेची स्त्रीवादी लेखिका केट मिलेट त्यांच्यात होती. थोड्याच दिवसांत नव्या राजवटीने तिला देशाबाहेर काढलं. पण ज्यांच्यावरून यजमान चिडतात त्या बायका अगदीच नाहीत, असंही नाही. जानेवारी २००२ मध्ये स्वीडनच्या डाव्या पक्षाच्या पुढारी गुद्रुन श्यूमन पक्षाच्या अधिवेशनात म्हणाल्या की तालिबानच्या राज्यात आणि स्वीडनमध्ये बायकांना दाबण्याचा साचा एकच आहे. त्याच महिन्यात, २१ तारखेला, उप्साला शहरात फदिमे शाहिंदाल नावाच्या तुर्कस्तानातून आलेल्या कुर्दी घरातल्या मुलीला बापाने गोळी घातली. दोनच महिन्यांपूर्वी ती स्वीडनच्या संसदेत उभी राहून आपल्यावर काय बेतलंय ते सांगून आली होती. ज्याला सगळीकडे साचा एकच दिसतो, त्याला फदिमेसाठी वेगळी काळजी काय घ्यायची ते सुचणार कसं?

भाचीला राग येतो त्यालाही कारण आहे, आणि ते जुनं आहे. इजिप्तवर राज्य करणारे लॉर्ड क्रोमर तिथल्या बायकांच्या बुरख्याबद्दल फार हळहळायचे. तेच क्रोमर विलायतेत परतल्यावर बायकांना मताधिकार देऊ नये म्हणून काढलेल्या संघटनेचे अध्यक्ष झाले! नोव्हेंबर २००१ मध्ये अफगाणिस्तानवर बॉम्ब पडत असताना लॉरा बुश रेडिओवरून तिथल्या बायकांच्या हक्कांबद्दल बोलल्या. असं झालं की त्या देशातली जी बाई आधीपासून लढत असते, तिला घरचे म्हणतात, "तू गोऱ्यांची."

आपल्या आज्यांनीही हे भोगलंय. १९२७ मध्ये कॅथरीन मेयो या अमेरिकन बाईने आपल्याकडच्या बालविवाहांवर पुस्तक लिहिलं. म्हणणं काय, तर हे लोक स्वराज्याच्या लायकीचे नाहीत. देशभर संताप उसळला. त्याच वर्षी पुण्यात अखिल भारतीय महिला परिषद भरली होती, अध्यक्ष आपल्या बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई. त्या बायकांपुढे दोन सोपे रस्ते होते : मेयोचं म्हणणं मान्य करून मान खाली घालायची, किंवा "आमच्यात असलं काही नाही" म्हणून पदर झटकायचा. त्यांनी दोन्ही केलं नाही. मेयोला शिव्या घालत घालत बालविवाहाला आळा घालणारा १९२९ चा सारडा कायदा पदरात पाडून घेतला. भाचीला एवढं एक माझ्या नावाने सांगा.

शब्दाचं म्हणाल, तर "घरगुती हिंसाचार" मला पुरत नाही, आणि का पुरत नाही हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. नवरा दारू पिऊन बायकोला मारतो तेव्हा तो बहुतेक एकटा असतो. शेजारी निदान तोंडदेखलं तरी थू करतात, आणि बाई माहेरी पळते. इथे आधी बैठक बसते. काका येतात, मामा येतात, कोण कुठे थांबणार ते ठरतं. बाई माहेरी पळू शकत नाही, कारण बैठक माहेरातच बसलेली असते. आणि नंतर शेजारी पाठ थोपटतात. लंडनच्या बनाज महमूदने २००५ मध्ये पोलिसांना आपल्याला कोण मारणार त्यांची नावं लिहून दिली होती. वर्ष संपता संपता बापाने तिला दारू पाजली. आता आपल्याला मारणार हे ओळखून ती काच फोडून पळाली. पोलीस बाईला वाटलं, पोरगी प्यायलेली आहे, कांगावा करतेय. काच फोडल्याबद्दल तिच्यावरच गुन्हा लावावा का, असाही विचार झाला. जानेवारी २००६ मध्ये वीस वर्षांची बनाज मेली. बाप आणि काका पुढच्या वर्षी दोषी ठरले. त्या पोलीस बाईला हा प्रकार नावानिशी माहीत असता तर?

आता जे सांगते ते याआधी या सदरात कधी लिहिलं नव्हतं.

१९९४ ची संक्रांत. माझ्याकडे एक मुलगी आली, एकवीस वर्षांची, मराठी, शिकलेलं घर, वडील सरकारी नोकरीत. तिने घरच्यांच्या लेखी खालच्या जातीतल्या मुलाशी लग्न केलं होतं. भाऊ शोधत फिरत होते. मी दोघांना उज्जैनला एका ओळखीच्या घरी ठेवलं आणि अर्जाची तयारी सुरू केली. आठवड्याने तिची आई माझ्या ऑफिसात आली. हातात पितळी डबा, त्यात गुळपोळ्या, आणि एका छोट्या वाटीत तूप वेगळं, वरून फडकं बांधलेलं. म्हणाली, "तिला तुपाशिवाय चालत नाही. पत्ता नका सांगू वकीलबाई, फक्त एवढं पोचवा." दोन पोळ्या माझ्यासाठी वेगळ्या कागदात होत्या. आम्ही चहा घेतला, ती रडली, मीही रडले. निघताना तिने विचारलं, "थंडी फार आहे हो, अंगावर काही आहे का तिच्या? तिकडे कुणी आपलं माणूस आहे का?" आणि मी म्हटलं, "काळजी करू नका, उज्जैनला, फ्रीगंजात चांगल्या घरी आहे."

तिसऱ्या दिवशी भाऊ तिथे पोचले. शेजारी ओरडत बाहेर आले म्हणून दोघं वाचली. मुलीचं डावं मनगट पुढे सरळ झालंच नाही. खटला उभा राहिला, पण आईने हातापाया पडून मुलीला भावांविरुद्ध साक्ष देऊ दिली नाही, आणि ते सुटले. आईला ठाऊक होतं की नाही, आपल्याला कशासाठी पाठवलंय ते, हे मला आजही सांगता येणार नाही. मला वाटतं, नव्हतं. तूप वेगळ्या वाटीत नेणारी बाई... पण मग वाटतं, असेलही. मी त्या दोन पोळ्या खाल्ल्या होत्या.

पाच वर्षांनी, ६ एप्रिल १९९९ ला, लाहोरात हिना जिलानी या वकीलबाईंच्या ऑफिसात समिया सरवरला गोळी घातली गेली. ती पेशावरची, नवऱ्याच्या माराला कंटाळून घटस्फोट मागत होती. घरच्या कुणालाही भेटायला ती तयार नव्हती, फक्त आईला भेटायला तयार झाली. आई डॉक्टर. बरोबर एक माणूस आणला, का, तर मला आधाराशिवाय चालवत नाही म्हणून. पिस्तूल त्याच माणसाकडे होतं. पुढे पाकिस्तानच्या सिनेटने या खुनाचा निषेध करणारा ठरावसुद्धा पुढे जाऊ दिला नाही. उलट हिना जिलानी आणि त्यांची बहीण अस्मा जहांगीर यांनाच अटक करा, अशी मागणी झाली. ती बातमी वाचली आणि मला पितळी डबा दिसला. उप्सालाची फदिमेसुद्धा आई-बहिणींना चोरून भेटायला आली होती, तेव्हाच बापाने गाठलं.

म्हणून "तिकडच्या बायका बोलल्या की गप्प बसल्या" या हिशोबात मला रस उरलेला नाही. मला कोण हवं, तर ज्यांना हा डबा ओळखता येतो त्या. लंडनमध्ये १९७९ पासून साउथॉल ब्लॅक सिस्टर्स ही संघटना आहे, बऱ्याच आपल्याकडच्याच बायका त्या. त्या पोलिसांना ओरडून सांगत आल्या की समाजाच्या पुढाऱ्यांना बोलावून समेट घडवू नका, समेटाला पाठवलेली पोर परत येत नाही. भाचीच्या टोरांटोतलंही एक उदाहरण द्या. २००४ च्या डिसेंबरात मॅरियन बॉइड या बाईंनी, ज्या ओंटारिओच्या माजी अॅटर्नी जनरल आणि चांगल्या स्त्रीवादी, अहवाल दिला की मुसलमानांचे घरगुती वाद शरियतप्रमाणे लवादाने सोडवायला हरकत नाही, फक्त अटी घाला. समोर विरोधाला कोण उभं राहिलं? कॅनडातल्या मुसलमान बायकांची परिषद आणि इराणातून पळून आलेली होमा अर्जोमंद. गोऱ्या स्त्रीवादी बाई शरियतच्या बाजूला आणि मुसलमान बायका विरोधात! सप्टेंबर २००५ मध्ये सरकारने जाहीर केलं की ओंटारिओत घरच्या वादांना धार्मिक लवाद चालणार नाही, कुठल्याच धर्माचा नाही. यजमानांच्या "त्यांच्यात"मध्ये या बायका कुठे बसतात, ते एकदा विचारून पाहा. जेवणानंतर.

प्रश्न : काकू, मी लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शहाबानो इंदूरच्या, हे मला इतक्या उशिरा कळलं की लाज वाटली. पण शेवटी त्यांनीच निकाल नाकारला ना? मग एवढं सगळं कशासाठी?
— एक विद्यार्थी, भंवरकुआँ, इंदूर

उत्तर : लाज कसली, आपल्याकडे सराफ्यातला भुट्ट्याचा कीस कुठला चांगला ते सांगायला शंभर जण भेटतील, हे सांगायला कुणी भेटत नाही.

तेव्हा मी कोट नुकता चढवला होता. खटला माझ्याकडे नव्हता, पण बार रूममध्ये कान होते. नवरा महंमद अहमद खान आमच्यातलेच, नाणावलेले वकील. १९३२ चं लग्न. १९७५ मध्ये बाईंना घराबाहेर काढलं, एप्रिल १९७८ मध्ये त्यांनी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली महिना पाचशे रुपये पोटगी मागितली, नोव्हेंबरात नवऱ्याने तलाक दिला. १९७९ मध्ये इथल्या मॅजिस्ट्रेटने मंजूर केले महिना पंचवीस रुपये. पुढच्या वर्षी हायकोर्टाने ते १७९ रुपये २० पैसे केले. हे वीस पैसे मला आजही समजलेले नाहीत. अर्जात नवऱ्याची मिळकत वर्षाला साठ हजाराच्या घरात सांगितली होती. तरी सुप्रीम कोर्टात अपील कुणी केलं? नवऱ्याने. १७९ रुपये २० पैशांसाठी.

२३ एप्रिल १९८५ ला पाच न्यायमूर्तींनी ते फेटाळलं. निकाल सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूडांचा. तुम्ही मुळातून वाचा, गाईडमधून नको. सुरुवातीलाच त्यांनी "न स्त्री स्वातंत्र्यमर्हति" हे मनूचं वचन काढलंय, म्हणजे टोला दोन्ही घरांना आहे. पंचवीस रुपयांना त्यांनी उपरोधाने राजेशाही रक्कम म्हटलंय. पण शेवटी समान नागरी कायद्याचा विषय काढला, आणि तिथून शहाबानो मागे पडल्या. मोर्चे निघाले. हिंदुत्ववाल्यांना एकाएकी मुसलमान बायकांचा पुळका आला, मौलवींना शरियत धोक्यात दिसली, राजीव गांधींना मतं दिसली. सत्तरीकडे झुकलेल्या बाईला त्याच गावात, त्याच मोहल्ल्यात राहायचं होतं. नोव्हेंबरात त्यांनी निकाल नाकारणाऱ्या पत्रावर अंगठा उमटवला. त्याला तुम्ही "नाकारला" म्हणता. मी इतकंच विचारते, त्या वेळी त्यांच्या दाराबाहेर कोण उभं होतं? वकिलाने हा प्रश्न प्रत्येक जबाबाला विचारायचा असतो.

"कशासाठी" याचं उत्तर कायद्यात आहे. १९८६ मध्ये संसदेने मुस्लिम महिलांचा वेगळा कायदा केला, निकालावर बोळा फिरवायला. त्याला आव्हान दिलं दानियल लतीफींनी, शहाबानोंच्याच वकिलांनी. २००१ मध्ये सुप्रीम कोर्टाने कायदा ठेवला पण अर्थ असा लावला की इद्दतच्या, म्हणजे तलाकनंतर थांबण्याच्या, तीन महिन्यांत नवऱ्याने बाईच्या पुढच्या आयुष्याचीही तजवीज करायची. म्हणजे दाराने बाहेर काढलेलं खिडकीतून आत आलं. आणि १० जुलै २०२४ ला, तेलंगणातून आलेल्या खटल्यात, कोर्टाने सांगून टाकलं की घटस्फोटित मुसलमान बाई सरळ कलम १२५ खालीही मागू शकते. नव्या संहितेत ते कलम १४४ झालंय, परीक्षेत घोटाळा करू नका. शहाबानो १९९२ मध्ये गेल्या.

आणि एक. हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ ला तोंडी तलाकविरुद्ध मुंबईत सचिवालयावर मोर्चा नेला, त्यात सात बायका होत्या. तुमच्या कॉलेजात कुणी पाश्चात्त्य स्त्रीवादावर भाषण द्यायला आलं, तर या सात जणी आधी सांगा.

प्रश्न : आपल्या मराठी समाजात अब्रूपायी खून वगैरे प्रकार कधीच नव्हते. ही उत्तरेकडची आणि परधर्मीयांची कीड आहे. आपल्या सदरात हे ठामपणे छापावे.
— एक ज्येष्ठ वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : आजोबा, पत्र छापलं. ठामपणा मात्र तुम्हालाच परत करते.

तुम्ही रोज सकाळी राजवाड्यावरून फिरून येता असं लिहिलंय, तर तिथूनच सुरू करू. होळकरांच्या पदरी मुमताज बेगम नावाची नर्तकी होती. ती इंदूर सोडून पळाली आणि मुंबईत अब्दुल कादिर बावला या श्रीमंत व्यापाऱ्याकडे राहू लागली. १२ जानेवारी १९२५ ला मलबार हिलवर त्यांची मोटार अडवून बावलाला गोळ्या घातल्या. मुमताजच्या चेहऱ्यावर वार केले. ती वाचली कारण गोल्फ खेळून परतणारे काही इंग्रज लष्करी अधिकारी नेमके तिथे आले. पकडलेले लोक इंदूर दरबारच्या नोकरीतले, आणि नावं वाचाल तर त्यांत मुसलमान आहेत तसे अस्सल मराठीही आहेत. महाराज तुकोजीरावांवर खटला चालला नाही. चौकशी आयोगाला तोंड द्या नाहीतर गादी सोडा, असं सरकारने सांगितलं. १९२६ मध्ये त्यांनी गादी सोडली. तिला ठार करायचं नव्हतं म्हणे, परत न्यायचं होतं. चेहऱ्यावर वार का केले, ते मात्र कुणी सांगत नाही.

आणि वर मी सांगितलेली उज्जैनची मुलगी मराठीच. आपला तो बाब्या, हे खरं. पण बाब्याच्या हातात सळई होती.

प्रश्न : मी चोवीस वर्षांची आहे, नोकरी करते. आम्हा दोघांचा धर्म वेगळा. धर्म न बदलता कोर्टात लग्न करायचं आहे. घरी कळलं तर काय होईल याची भीती वाटते. नाव छापू नये.

उत्तर : स्पेशल मॅरेज ॲक्ट, १९५४. दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात निदान तीस दिवस राहिलेलं असावं लागतं. अर्ज दिला की नोटीस विवाह अधिकाऱ्याच्या फलकावर तीस दिवस राहते, आणि कुणी दुसऱ्या जिल्ह्यातलं कायमचं रहिवासी असेल तर एक प्रत तिकडेही जाते. बहुतेक घरांना कळतं ते इथूनच. अलाहाबाद हायकोर्टाने २०२१ मध्ये ही नोटीस लावणं न लावणं जोडप्याच्या इच्छेवर सोडलं, पण तो त्यांचा प्रांत. आपल्याकडे लागेलच असं धरून चाला. आईवडिलांची नाराजी हे हरकतीचं कारण कायद्यात नाही. वय, आधीचं लग्न, जवळचं नातं, मानसिक अवस्था, एवढ्याच गोष्टी तपासतात.

म्हणून अर्ज देण्याआधी राहायची जागा ठरवा, नंतर नाही. जन्मतारखेचा दाखला, मार्कशीट, आधार हे मूळ कागद घराबाहेर काढून ठेवा. २७ मार्च २०१८ च्या शक्ती वाहिनी निकालात सुप्रीम कोर्टाने अशा जोडप्यांना संरक्षण आणि गरज पडली तर सुरक्षित घर देण्याचं काम जिल्हा प्रशासनावर आणि पोलिसांवर टाकलंय. पोलीस आयुक्तांच्या किंवा एस.पी.च्या ऑफिसात लेखी अर्ज द्या, पोच घ्या, धमकी कोणाची ते नावानिशी लिहा. दाद लागली नाही तर हायकोर्टाचं खंडपीठ इथेच एम.जी. रोडवर आहे. ठाण्यात "घरच्यांना बोलावून बसवतो" असं कुणी म्हटलं, तर तिथे बसू नका, उठून वकिलाकडे जा.

आईला फोन करावासा वाटेल. करा, दुसऱ्याच्या फोनवरून, आणि ती थंडीचं विचारेल तेव्हा थंडीचंच सांगा.

पाकिटावर तुम्ही घरचा पूर्ण पत्ता लिहिला होता. तो मी फाडून गॅसवर जाळला. पुढचं पत्र लिहिलंत तर नाव, गाव काही घालू नका; "नोटीसवाली" एवढं लिहा, मी ओळखेन.